नामान सेनापतीचा राग आणि एका भावाच्या गोळ्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन नेहमीप्रमाणे एकाच बाजूने वाजतायत, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, दोन-तीन ठिकाणी वाक्यं नीट केलीयत. बाकी जवळजवळ तसंच आहे.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. एका ताईने पाठवली होती, चार मिनिटांची. नाव सांगत नाही. तिच्या धाकट्या भावाला टीबी झाला. औषधं सुरू झाली, दोन महिन्यांत खोकला कमी झाला, वजन वाढलं. मग एका प्रार्थनासभेत त्याला कोणीतरी सांगितलं की प्रभूने तुला बरं केलंय, आता गोळ्या घेणं म्हणजे शंका घेणं. त्याने गोळ्या बंद केल्या. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. ताप परत आला, खोकला परत आला. आता तो पुन्हा औषधावर आहे. पण ताईचं म्हणणं असं की खरी भीती तिला पुढची वाटते. तो गोळी हातात घेतो आणि गप्प बसून राहतो. म्हणतो, माझा विश्वास कमी पडला म्हणून हे झालं. रोज सकाळी ती गोळी म्हणजे त्याला आपल्या अविश्वासाची पावती वाटते.

ताईचा प्रश्न एका ओळीचा होता. बायबलमध्ये खरंच असं आहे का?

मी पास्टर नाही, डॉक्टरही नाही. पण लहानपणापासून संडेस्कूलमध्ये या गोष्टी ऐकत वाढलोय आणि गेल्या आठवड्यात त्या सगळ्या परत बसून वाचल्या. मला जे दिसलं ते सांगतो.

सुरुवात नामानापासून करू. राजांचं दुसरं पुस्तक, अध्याय 5. नामान हा अरामच्या राजाचा सेनापती, दिमिष्कचा, म्हणजे आजच्या दमास्कसचा. मोठा माणूस, युद्धं जिंकलेला, राजाचा लाडका. आणि त्याला अंगावर रोग आहे.

इथे थोडं थांबतो, कारण रोगाच्या नावाचा आपल्याकडे फार घोळ आहे. मराठी बायबलमध्ये कोड, कोडी असे शब्द येतात, काही ठिकाणी कुष्ठरोग येतो. आपण बोलताना कोड म्हणतो ते पांढऱ्या डागांना. ते डाग संसर्गजन्य नाहीत, त्यांचा कुष्ठरोगाशी संबंध नाही. आणि मूळ हिब्रू शब्द या दोन्हींहून मोठा आहे. लेवीयच्या पुस्तकात तोच शब्द कपड्यावरच्या आणि घराच्या भिंतीवरच्या बुरशीसारख्या डागांनाही वापरलाय. भिंतीला काही कुष्ठरोग होत नाही. त्यामुळे नामानाला नेमकं काय झालं होतं, हे आज कुणी ठामपणे सांगू शकत नाही. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेनने 1873 साली शोधला, आणि आज तो रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात फुकट. हे मुद्दाम सांगतोय, कारण पांढरे डाग असलेल्या मुलीकडे बघून तिच्या घरच्यांचं पाप शोधणारे लोक मी स्वतः चर्चबाहेर पाहिलेत.

तर नामान. त्याच्या घरात इस्राएलमधून पकडून आणलेली एक छोटी मुलगी आहे. तिचं नावही दिलेलं नाही. ती नामानाच्या बायकोची कामं करते. ही मुलगी म्हणते की माझे धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले असते तर बरे झाले असते. बघा, जिला लुटीत उचलून आणलं, ती बोलतेय. आणि सेनापती तिचं ऐकतो. म्हणजे गर्विष्ठ म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याने सुरुवात चांगली केली होती. गरज माणसाला खाली वाकवते, तसंच असेल.

पण मग तो निघतो कसा? राजाची चिठ्ठी घेऊन. दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं, दहा जोड उंची कपडे. आजच्या हिशोबात साधारण साडेतीनशे किलो चांदी आणि सत्तर किलोच्या आसपास सोनं. मुलीने संदेष्ट्याकडे जा म्हटलं होतं, हा गेला राजाकडे. मोठ्या माणसाचं काम मोठ्या माणसाकडूनच होणार, असं त्याच्या डोक्यात पक्कं. इस्राएलचा राजा चिठ्ठी वाचून कपडेच फाडतो. त्याला वाटतं हा भांडण उकरून काढायला आलाय.

शेवटी अलीशा संदेष्टा निरोप पाठवतो की त्याला माझ्याकडे पाठवा. नामान घोडे, रथ, सगळा लवाजमा घेऊन दारात उभा राहतो. आणि अलीशा बाहेरच येत नाही! नोकराबरोबर निरोप देतो. यार्देन नदीत जाऊन सात वेळा बुडी मार, बरा होशील. संपलं.

नामान भडकतो. आणि त्याचं रागावणं मला इथे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात तो मनातलं सगळं ओकून टाकतो. त्याला वाटलं होतं, संदेष्टा बाहेर येईल, माझ्यासमोर उभा राहील, आपल्या देवाचं नाव घेईल, डागावरून हात फिरवील. म्हणजे बरं कसं करायचं याची पूर्ण स्क्रिप्ट त्याने दिमिष्कहून येतानाच लिहून आणली होती. मग दुसरी तक्रार: नदीतच बुडायचं तर आमच्या दिमिष्कच्या अबाना आणि परपर काय वाईट आहेत? यात तो खोटं बोलत नव्हता, हं. अबाना म्हणजे बहुधा आजची बरदा नदी. वाळवंटाच्या कडेला दमास्कस हिरवंगार राहिलं ते तिच्या पाण्यावर. त्या मानाने यार्देनचा खालचा भाग म्हणजे गढूळ, वळणावळणाचं पाणी.

आता मला सांगा, नामानात शंका होती का? होती. पण त्याला परत फिरवत होती ती शंका नव्हती. हे चालेल का, असं त्याने विचारलंच नाही. त्याचं म्हणणं होतं, माझ्याशी असं वागतात का? मला हा फरक फार उशिरा कळला. आपण चर्चमध्ये शंका आणि गर्व एकाच पोत्यात भरतो. शंका घेणारा विचारतो की देव करील का. गर्व असणारा सांगतो की देवाने कसं करायला पाहिजे, कुठे आणि कोणासमोर.

पुढचा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. नोकर जवळ येतात. त्याला बापाच्या नात्याने हाक मारतात आणि म्हणतात की संदेष्ट्याने काही अवघड सांगितलं असतं तर तुम्ही केलं असतं ना? मग एवढं सोपं सांगितलंय तर का नाही? किती साधं लॉजिक आहे. घोड्यावरून डोंगर ओलांडायला सांगितला असता तर नामानाने आनंदाने ओलांडला असता. त्यात त्याचं शौर्य दिसलं असतं. पाण्यात बुडी मारण्यात काय दिसणार? उलट कपडे काढावे लागणार, आणि सैनिकांसमोर अंगावरचे डाग दिसणार.

तो जातो. नकाशा काढून बघा, शोमरोन डोंगरावर आहे आणि यार्देनचं खोरं समुद्रसपाटीच्याही खाली. मधे तीसेक किलोमीटरची उतरंड. रथाने जायचं म्हटलं तरी सहज दिवस मोडतो. त्या वाटेत त्याच्या मनात काय चाललं होतं, हे पुस्तक सांगत नाही. पहिल्या बुडीनंतर काय झालं, चौथीनंतर काय, तेही सांगत नाही. फक्त सात झाल्यावर त्याचं अंग लहान मुलासारखं झालं एवढंच येतं. त्याला खात्री होती, असं कुठेही म्हटलेलं नाही. तो नोकरांचं ऐकून, बहुतेक तोंड पाडूनच, खाली उतरला.

आपल्या मराठीत एक छान प्रयोग आहे, विश्वास टाकणे. विश्वास असणे वेगळं आणि टाकणे वेगळं. घाटात एसटीत बसल्यावर खाली दरी बघून पोटात गोळा येतो की नाही? येतो. तरी तुम्ही बसून राहता. ड्रायव्हरवर भार टाकलाय तुम्ही. पोटातला गोळा गेला की मगच बसीन असं म्हणालात तर स्टँडवरच राहाल. नामानाने यार्देनवर भार टाकला. पोटातल्या गोळ्याबद्दल अलीशाने त्याला विचारलंही नाही.

बरं झाल्यावर तो परत येतो तेव्हाही त्याचं सगळं काही सुटलेलं नाही. दोन खेचरांवर मावेल एवढी इस्राएलची माती मागतो, कारण त्याला वाटतं देव या जमिनीशी बांधलेला आहे. आणि आधीच माफी मागून ठेवतो की राजाबरोबर मला रिम्मोनाच्या देवळात वाकावं लागेल. आजच्या एखाद्या सभेत कोणी असं बोललं असतं तर लोकांनी त्याचा विश्वास तपासायला घेतला असता. अलीशा त्याला निर्धास्त जाऊ देतो. त्याची भेटही घेत नाही, एक शेकेलही नाही. (भेट नंतर गेहजी नावाचा नोकर मागून पळत जाऊन, खोटं सांगून उकळतो, आणि नामानाचा रोग त्याला लागतो. बरं करण्याच्या नावावर पैसा गोळा करणाऱ्यांविषयी बायबलला काय वाटतं, ते या एका प्रसंगात आलंय. त्यावर वेगळा एपिसोड करू.)

आता दुसरा सैनिक. मत्तय अध्याय 8 आणि लूक अध्याय 7 मधला कफर्णहूमचा रोमन शताधिपती. त्याचा नोकर आजारी आहे. लूक सांगतो की यहूदी वडीलधारी लोक येशूकडे येऊन त्याची शिफारस करतात: हा माणूस लायक आहे, याने आम्हाला सभास्थान बांधून दिलंय. म्हणजे याच्याकडेही चिठ्ठी आहे, देणगी आहे, वजन आहे. नामानासारखंच. पण येशू घराच्या जवळ येतो तेव्हा तो निरोप पाठवतो की तुम्ही माझ्या छपराखाली यावं एवढी माझी योग्यता नाही, तुम्ही फक्त शब्द बोला. एक सैनिक चिडतो की संदेष्टा दारापर्यंत आला नाही. दुसरा म्हणतो, दारापर्यंत येण्याची गरज नाही. हे दोघे शेजारी ठेवून वाचा कधीतरी, मजा येते.

पण इथे एक धोका आहे. शताधिपतीचा विश्वास इतका मोठा होता की येशूलाही नवल वाटलं. ते वाचून आपल्याला वाटतं की ही पासिंगची मार्कलिस्ट आहे, एवढे मार्क पडले तरच बरं होणार. म्हणून लगेच मार्क अध्याय 9 उघडा.

तिथे एक बाप आहे. मुलाला लहानपणापासून झटके येतात, तो कधी आगीत पडतो, कधी पाण्यात. शिष्यांनी प्रयत्न केला, जमलं नाही, आणि आता तिथे शास्त्र्यांबरोबर वादावादी चाललीय. मूल जमिनीवर आणि मोठी माणसं वाद घालतायत, हे दृश्य काही फार जुनं वाटत नाही. बाप येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर करा. येशू तो जर-तर पकडतो. आणि तो बाप ओरडून एका दमात दोन्ही गोष्टी बोलतो, की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला मदत करा. मुलगा बरा होतो. आधी शंका सोडून ये, मग बघू, असं त्याला कोणी म्हणत नाही. शंका तो लपवत नाही, ती घेऊनच पायाशी येतो.

मग कमी विश्वासाबद्दल बोलणी कोणाला बसली? मत्तयमध्ये हाच प्रसंग आहे, अध्याय 17. तिथे अल्पविश्वास हा शब्द शिष्यांना उद्देशून आहे, जे बरं करायला निघाले होते त्यांना. आजारी मुलाला नाही, बापालाही नाही. आमच्याकडे मात्र उलट चालतं. प्रार्थना करणारा मोकळा आणि अंथरुणातला माणूस आरोपी.

नासरेथचं उदाहरणही नेहमी दिलं जातं, मार्क अध्याय 6. तिथे लोकांच्या अविश्वासामुळे येशूने फारशी अद्भुत कामं केली नाहीत. हो, असं लिहिलंय. पण त्यांचा अविश्वास कसला होता? हा तर आपला सुतार, मरियेचा मुलगा, याच्या बहिणी इथेच राहतात. पिकतं तिथे विकत नाही, तो प्रकार. तो नाकाचा शेंडा वर करून घेतलेला अविश्वास होता. आणि तरी त्याच ओळीत येतं की थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलंच. लूक अध्याय 4 मध्ये तर नासरेथच्या याच लोकांसमोर येशू नामानाची आठवण काढतो: इस्राएलात पुष्कळ रोगी होते, बरा झाला तो परका. त्यावर गाव इतकं चिडतं की त्याला कड्यावरून ढकलून द्यायला नेतं.

ताईच्या भावाला सभेत जे वचन सांगितलं गेलं ते याकोबाच्या पत्रातलं होतं. शंका धरणारा वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेसारखा असतो, त्याला काही मिळणार नाही, या अर्थाचं. अध्याय 1. आता फोनवर बायबल ॲप आहे ना? त्याच्या आधीचं एक वचन वर स्क्रोल करा. तिथे मागायचं काय ते लिहिलंय: शहाणपण. आजारपणाचा विषय तिथे नाहीच. आजाऱ्याबद्दल याकोब पाचव्या अध्यायात बोलतो, आणि तिथे काम दिलंय मंडळीच्या वडिलांना. त्यांनी यावं, तेल लावावं, प्रार्थना करावी. आजाऱ्याने फक्त बोलावणं धाडायचंय.

आणि बेथेस्दाच्या तळ्याजवळचा तो अडतीस वर्षं आजारी माणूस, योहान अध्याय 5? बरं व्हायचंय का विचारलं तर तो तक्रार सांगतो की मला पाण्यात सोडायला कोणी नाही. विश्वासाचा एक शब्द नाही. बरा झाल्यावरही त्याला माहीत नसतं की बरं करणारा कोण होता. मार्क अध्याय 2 मध्ये तर छप्पर उकरून खाली सोडलेल्या माणसाच्या मित्रांचा विश्वास बघितला जातो. म्हणजे स्वतःचं मीटर शून्यावर असलेली माणसंही या पुस्तकात उठून चालायला लागतात.

आता अवघड भाग. जे बरे झाले नाहीत ते? पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीन वेळा विनंती केली, काटा गेला नाही. कृपा पुरेशी आहे, असं उत्तर मिळालं. त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला तर पौलाने त्याला मिलेतात मागे ठेवलं. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल थोडा द्राक्षारस घे असं सांगतो, घरगुती उपायच तो. हे सगळे कमी विश्वासाचे लोक होते, असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. का बरे झाले नाहीत, याचं कारण तिथे दिलेलं नाही, आणि मी इथे बसून बनवून देणार नाही.

गोळ्यांचं काय? हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. यशया संदेष्टा देवाचा निरोप आणतो की तू बरा होशील, आणि लगेच गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. निरोप पक्का होता, तरी लेप लावला. लूकला तर पौल प्रिय वैद्य म्हणतो. आणि आपल्याकडचं बघा. डॉ. वॉन्लेस कॅनडात जन्मले, मिशनरी म्हणून इथे आले आणि 1894 साली मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं. प्रार्थना करणारा आणि हातात सर्जरीचा चाकू धरणारा माणूस एकच होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत मिरजेला नेलं म्हणून वाचला असं आजही बोललं जातं.

टीबीचं तर स्पष्टच सांगतो. औषध सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांत बरं वाटतं, पण जंतू उरलेले असतात. म्हणून साधा टीबी असला तरी कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. मधेच सोडलं तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि मग इलाज लांबतो, जड होतो. शिवाय घरातल्यांना लागण होण्याची भीती वेगळी. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कोणाच्याही सांगण्यावरून, माझ्याही, डॉक्टरांना न विचारता ते बंद करू नका.

ताईला मी उत्तर पाठवलं ते असं. भावाला म्हण, नामानाची सहावी बुडी आठव. पाच झाल्या, डाग तसेच असतील, किंवा कमी झाले असतील, आपल्याला माहीत नाही. पाणी गढूळ, काठावर सैनिक बघतायत, आणि अजून दोन राहिल्यात. तुझी आजची गोळी त्यातलीच एक आहे. मनात शंका असेल तर असू दे, पाण्याबरोबर गिळ.

रात्री तिचं उत्तर आलं. त्याने मेसेज दोनदा ऐकला म्हणे, आणि विचारलं, पण सहाव्या बुडीला डाग खरंच तसेच होते का? मी लिहिलं, पुस्तकात नाही रे. मग त्याने स्वतःच मला पहिल्यांदा व्हॉइस नोट पाठवली, अकरा सेकंदांची. मागे कुकरची शिट्टी ऐकू येतेय. म्हणतो, दादा, माझे अजून एकशे तीन दिवस राहिलेत.